सहा प्लेटा आणि एक खुर्ची

नागपूरहून दहा दिवसांनी परत आलेल्या एकताला आपल्या सहा प्लेटा नेमबाजीच्या रेंजच्या टोकाला कवायतीला उभ्या असल्यासारख्या दिसल्या. ताठ, एका ओळीत, पांढऱ्याशुभ्र. जाताना ती त्यांना साखळीवर लोंबत सोडून गेली होती.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, एवढंच. वेल्डिंग इतकं सुबक होतं की त्याखाली फक्त सही करायची राहिली होती.

"मी," प्रतापकाका म्हणाले. "सरप्राइज."

प्रतापकाका एकतीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर होते. शेवटची बारा वर्षं चीफ, त्यामुळे क्लबात चिनी, मलय, तमिळ सगळे त्यांना चीफच म्हणत. आता किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या जहाजांची दुरुस्ती बघत. जहाजावर सुटी वस्तू म्हणजे पाप, आणि हे पाप त्यांनी जमिनीवरही कधी खपवून घेतलं नव्हतं. पाया लेबार भागात अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. तिथे फ्रिज भिंतीला आवळलेला, टीव्हीला पट्टा आणि मिठाच्या बरणीला लाकडात कोरलेली खाच. इतक्या वर्षांत त्या फ्लॅटवर एकही लाट आली नव्हती, आणि काकांच्या मते ते याच बंदोबस्तामुळे.

एकता त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. वन-नॉर्थच्या एका लॅबमध्ये ती धातूंचा कठीणपणा मोजायची. आठवडाभर पोलादाला टोचून बघायचं आणि रविवारी पिस्तूल घेऊन त्याच पोलादावर नेम धरायचा. तिचं पोलादाशी काहीतरी जुनं भांडण असावं, असं तिच्या नवऱ्याचं, उज्ज्वलचं मत होतं. या छोट्याशा क्लबात ती रेंज सेफ्टी ऑफिसर होती. सामना सुरू होण्याआधी सगळं ठीक आहे म्हणून सही करणारी.

कागदाच्या टार्गेटांना कंटाळून क्लबनं पोलादी प्लेटा घ्यायचं ठरवलं, तेव्हा पोलाद निवडलं तिनं. ताटाएवढ्या सहा चकत्या, कडक केलेल्या. प्रत्येक चकती दोन बोल्टांवर साखळीनं टांगलेली, वरची कड थोडी पुढे झुकलेली. बाहेरून बघणाऱ्याला ते कुणीतरी घाईत अडकवून गेल्यासारखं दिसे. पण त्या झुकण्यातच सगळं होतं. गोळी पोलादावर फुटते. तिचे तुकडे कुठे जायचे ते प्लेट ठरवते. प्लेट झुकलेली आणि लोंबती असली तर तुकडे खाली वाळूत जातात. ताठ बांधलेली असली तर मनाला येईल तिकडे जातात. आणि पोलाद मऊ पडलं असेल तर त्यात खड्डा होतो, आणि त्या खड्ड्यात बसणारी पुढची गोळी आल्या वाटेनं परत यायला बघते. त्या वाटेवर माणूस उभा असतो.

"काका, साखळ्या कुठायत?"

"काढल्या. नुसत्या खळखळ वाजत होत्या. वाऱ्यानं प्लेटा हलत होत्या गं. फ्रेमला पक्क्या केल्या. शिवाय मागून स्टिफनर दिलेत, ये, बघ."

एकता मागे जाऊन बघू लागली. जहाजाच्या पत्र्याला मागून पट्ट्या मारून आधार देतात, तसा काकांनी प्रत्येक चकतीला पाठीमागून पोलादी पट्ट्यांचा क्रूस मारला होता. भरपूर वेल्ड, मापात. क्रूसाचा मध्य चकतीच्या बरोब्बर मध्यावर. म्हणजे समोरून जिथे प्रत्येक जण नेम धरणार, नेमकी तीच जागा काकांनी मनापासून भाजून काढली होती.

"तापवलंत तुम्ही हे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला. तिचा राग असाच खालच्या मजल्यावरून सुरू व्हायचा. "कडक केलेलं पोलाद तापवलं की मऊ पडतं. मध्यभागी मऊ झालंय. कानस लावून बघा."

"माझ्या वेल्डला कानस?" काका म्हणाले. "एक छिद्र दाखव. एक."

"वेल्ड चांगलाय हो. प्लेट वाया गेली."

"चांगला आहे ना? मग झालं की."

रविवारी दुसऱ्या एका क्लबचे तीस जण सामन्याला येणार होते. दहा मीटरवरून नेम, मागे खुर्च्यांवर बायकापोरं. एकतानं सोमवारीच लेखी कळवलं की या प्लेटांवर ती सही करणार नाही. म्हणून मंगळवारी समिती बसली.

समितीचे सेक्रेटरी मिस्टर को यांना भांडण आवडत नसे. दोन माणसांचं एखाद्या गोष्टीवर पटत नसेल तर मत घ्यावं, हा त्यांचा धर्म. त्यांनी शांतपणे ठराव मांडला की चीफनं दुरुस्त केलेल्या प्लेटा पुरेशा कडक आहेत. अनुकूल पाच, प्रतिकूल दोन. प्लेटा बहुमतानं कडक झाल्या.

"तुम्ही पोलादाला विचारलंत का?" एकता म्हणाली.

"ते सभासद नाही," मिस्टर को म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

दुसरं प्रतिकूल मत एका म्हाताऱ्या सभासदाचं होतं. ठराव चहाची वेळ बदलण्याचा आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. समजूत दूर होताच त्यांनी मत मागे घेतलं आणि एकताकडे दिलगिरीनं बघितलं. एकताच्या सहीचा प्रश्नही सुटला. दुसरा एक सेफ्टी ऑफिसर होता. त्यानं प्लेटा बघितल्या, रंग छान आहे म्हणाला आणि सही केली.

बाहेर पडताना काकांनी तिला गाठलं. "एकता, मनाला लावून घेऊ नकोस. तुझं शिक्षण आहे, मान्य. पण मी एकतीस वर्षं—"

"काका, त्या एकतीस वर्षांत तुमच्या जहाजावर कुणी गोळ्या झाडल्या होत्या?"

काकांनी आठवून बघितलं. एकदा एडनच्या बाजूला चाच्यांमुळे असं होता होता थोडक्यात टळलं होतं, पण ते इथे उपयोगाचं नव्हतं.

सेंगकांगच्या आपल्या घरी एकतानं भांडी घासली, तीही धुतलेली. सात वर्षांची दीक्षा गृहपाठातून मान वर करून म्हणाली, "ममी, यू स्कोल्डिंग द प्लेट्स, इझ इट?"

"हो," एकता म्हणाली. उत्तर दोन्ही बाबतींत खरं होतं.

"नको जाऊस ना रविवारी," उज्ज्वल म्हणाला. "तुझी सही नाही. तुझी जबाबदारी नाही."

"ज्याचा डोळा जाईल, त्याला हे सांगशील?"

उज्ज्वलनं चहा ठेवला. बारा वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं की काही प्रश्नांना उत्तर म्हणून आधणच ठेवायचं असतं.

रविवारी पावणेनऊला एकता क्लबात पोचली. हातात घडीची खुर्ची, खांद्याला पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा आणि एक कानस. पाहुणे अजून बूट बदलत होते. ती नेमाच्या रेषेवरून सरळ पुढे चालत गेली, सहा पांढऱ्या चकत्यांसमोर खुर्ची उघडली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.

रेंजचा पहिला नियम भिंतीवर चार भाषांत होता. रेषेपुढे माणूस असेपर्यंत लाल बावटा वर राहील आणि कुणीही बंदुकीला हात लावणार नाही. माणूस तिथे का आहे, हे नियम विचारत नव्हता. तो किती वेळ असावा, हेही नाही.

मिस्टर को यांनी नियम तीनदा वाचला. मग इंग्रजीवरून ते मलय मजकुराकडे गेले, तिथे काही सवलत असली तर बघावी म्हणून. तिथेही नव्हती. तीस पाहुणे शिस्तीत मागे उभे राहिले. कुणीही कुरकुरलं नाही. बावटा वर होता, विषय संपला होता. साडेनऊला ऊन वाढलं तेव्हा क्लबतर्फे तिला एक छत्री आणि थंड चॉकलेटी मायलो पाठवण्यात आलं, कारण रेंजवर बसणाऱ्या सभासदाची गैरसोय होऊ नये असंही कुठल्याशा नियमात होतं. तिनं छत्री घेतली. मायलो परत पाठवलं. रागात गोड पिऊ नये, असं तिचं मत होतं.

दहा वाजता प्रतापकाका आले. क्लबचा टाय लावलेला, कान लाल.

"ऊठ," ते म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत."

"हा माझा अपमान आहे, कळतंय का तुला? माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. एकानं असं केलं नाही."

"चाळिसांत एक तरी शहाणा असता तर केलं असतं." तिनं पिशवीतून कानस काढून त्यांच्यापुढे धरली. "मी काही बोलत नाही. माझं शिक्षणही बोलत नाही. हात तुमचा, प्लेट तुमची. आधी कडेला घासा, मग मध्यावर. काही फरक लागला नाही तर मी उठते आणि सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. माइकवर."

"माइकवर?"

"माइकवर."

काकांनी कानस हिसकावली. तिला उठवायचा हाच एक मार्ग उरला होता, म्हणून. पहिल्या चकतीच्या कडेला त्यांनी रंग खरवडून कानस मारली. ती कुरकुरत सरकली, पोलादावर जेमतेम चकाकी आली. काकांनी विजयानं एकताकडे बघितलं. मग मध्यावर मारली.

ती बसली. एकाच घासात चावली आणि खाली बारीक कीस पडला. काकांनी पुन्हा मारली, हलक्या हातानं, जणू आता चूक कानशीची निघेल. पुन्हा कीस. ते दुसऱ्या चकतीकडे गेले. तिसऱ्या. सहावीशी पोचेपर्यंत त्यांचा टाय खांद्यावरून मागे गेला होता. चाळीस वर्षं लोखंड हाताळलेल्या त्या हाताला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हाताला पहिल्याच घासात कळलं होतं. बाकीचे सगळे काकांसाठी होते.

ते परत आले. तळहातावर कीस होता.

"मऊ झालंय," ते म्हणाले.

"मला माहितेय. त्यांना सांगा."

काकांनी घसा साफ केला आणि रेषेकडे तोंड करून, इंजिनाच्या आवाजावर मात करून हाक मारायची सवय असलेल्या गळ्यानं इंग्रजीत ओरडले की प्लेटा खराब आहेत, आज सामना नाही.

"ओके, चीफ," मिस्टर को लगेच म्हणाले. "सेफ्टी फर्स्ट."

ठराव नाही, मतदान नाही. तीस पाहुण्यांनी माना डोलावल्या. प्लेटांचा रंग आवडलेला तो सेफ्टी ऑफिसर तर म्हणाला की त्यालाही शंका होतीच. एकताचा राग जिथे संपायला हवा होता तिथे नव्यानं सुरू झाला. सहा दिवस ती हेच बोलत होती. मराठीत, इंग्रजीत, लेखी. त्याच चार शब्दांना काकांचा गळा मिळाल्याबरोबर पोलाद मऊ पडलं होतं.

"झालं ना?" काका म्हणाले. "आता तरी ऊठ."

"प्लेटा उतरल्या की उठेन."

"अगं, ते वेल्ड आहेत. ग्राइंडरनं कापावे लागतील. तास-दीड तास जाईल."

"माझ्याकडे डबा आहे."

काकांनी टाय सोडला आणि ग्राइंडर मागवला. ठिणग्या उडू लागल्या. पाहुण्यांना कुणी घरी जा म्हणालं नव्हतं, त्यामुळे ते खुर्च्यांवर बसले, बी हूनचे, म्हणजे तांदळाच्या शेवयांचे, डबे उघडले आणि बघू लागले. पहिली चकती वाळूत पडली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. दुसरीला सगळ्यांनी. तिसरीपासून पोरं आकडे मोजायला लागली. एकता छत्रीखाली बसून पोळीभाजी खात होती. तिला टाळ्यांचा एवढा संताप आला की तिनं लोणच्याची फोड न चावता गिळली.

काकांचं वेल्डिंग खरंच चांगलं होतं. सुटता सुटत नव्हतं. शेवटच्या चकतीशी ते थांबले, बाहीनं घाम पुसला आणि म्हणाले, "हा वेल्ड फार सुरेख उतरलाय गं. ही एवढी राहू दे? यावर कुणी झाडणार नाही. नुसती असू दे."

"कापा, काका."

त्यांनी कापली. एकतानं डब्याचं झाकण लावलं, खुर्ची मिटली आणि रेषेमागे आली. लाल बावटा खाली उतरला. रेंज नियमानुसार उघडली, आणि वेळापत्रकात पहिलं नाव असलेला पाहुणा नेमाच्या रेषेवर येऊन रिकाम्या फ्रेमकडे बघत उभा राहिला.

मिस्टर को हसतमुखानं तिच्याजवळ आले. पाहुण्यांना कार्यक्रम फार आवडला होता. पुढच्या वर्षीही असाच ठेवता येईल का, असं ते विचारत होते.

"ठेवा," एकता म्हणाली. "फक्त माझं सोमवारीच ऐका, म्हणजे रविवारी मला खुर्ची घेऊन बसावं लागणार नाही."

मिस्टर को यांनी खिशातून वही काढली आणि सूचना समितीपुढे ठेवतो म्हणाले.