बिघाड माझ्यात नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. अंगाने लाल, पण वाजवणाऱ्याचा हात जिथे टेकतो तिथला रंग पार उडालेला. सध्या मुक्काम उंब्रज, लालासाहेबांच्या घरी.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यातला. लालासाहेब तेव्हा कराडला इंजिनिअरिंग शिकत होते. शिकत होते म्हणायचं आपलं, सगळा जीव माझ्यात. त्यांचे दोस्त नानासो ड्रम बडवायचे आणि आम्ही रॉक वाजवायचो. कराड झालं, सांगली झाली, पुढे पुण्यातही लोक ओळखू लागले. गावाकडे मात्र 'उसाचं रान सोडून पोरगं केस वाढवून फिरतंय' अशी बोलणी. लालासाहेबांची बोटं माझ्या तारांवरून अशी पळत की मलाच धाप लागायची. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

लालासाहेब आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडली. सकाळचा चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं ते भलतंच!

भाद्रपदात नानासो घरी आले. म्हणाले, "लाला, दसऱ्यानंतर कराडला जुन्या पोरांचा मेळावा हाय. आपुन वाजवायचं गड्या!"

लालासाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "कशानं वाजवू रं? गिटारच बिघडलीया. आतली वायर गेलीय."

मी थक्क झाले. पंचेचाळीस वर्षं इमानाने साथ दिली आणि आळ माझ्यावर? नानासो गेल्यावर तर त्यांनी बायकोला, शालनबाईंना, सांगूनच टाकलं, "दसरा झाला की हिला माळ्यावर टाकू." माळ्यावर गेलेली वस्तू खाली येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

आमच्याकडे खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातल्या हत्यारांची पूजा असते. कोयता, नटबोल्टचे पाने, सुनेचा म्हणजे पल्लवीचा लॅपटॉप, सगळे पाटावर येतात. दरवर्षी झेंडूचा हार मलाही मिळे. मात्र या घराचा एक दंडक आहे. बंद पडलेलं हत्यार पाटावर मांडायचं नाही.

शालनबाईंनी मला हातात घेतलं आणि त्या थांबल्या. "आवं, हिला मांडू का नको? बिघडलीया म्हनला व्हता न्हवं?"

पल्लवी निरांजन घेऊन उभी. देवापुढे खोटं बोलणं लालासाहेबांच्याने होईना.

"मांड. चांगली हाय ती."

"मग बिघडलंय काय?"

त्यांनी डावा हात पुढे केला. "ही बोटं. वळतच न्हाईत गं. नानासोला कसं सांगू? समद्यांस्नी जुना लाला पायजे."

शालनबाईंनी तो हात धरला आणि सरळ पाटावर माझ्याशेजारी ठेवला. एकेका बोटाला हळदकुंकू लावत त्या म्हणाल्या, "बंद पडलाय व्हय ह्यो हात?"

"न्हाई. सावकाश चालतोय."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी मला जवळ घेतलं. पूर्वीचं ते पळतं वादन काही जमेना. मग ते एकच सूर वाजवायचे आणि तो विरेपर्यंत ऐकत बसायचे. शेवटी म्हणाले, "पळायच्या नादात ह्यो सूर मी नीट ऐकलाच न्हवता." आणि त्यांनी नानासोंना फोन लावला. "गिटार चांगली हाय रं. माझी बोटं आखडल्यात. सावकाश वाजवलं तर चालंल का?"

पलीकडे नानासो लहान पोरासारखे हसले. "लय बरं झालं गड्या! तुला वाजवू म्हनालो खरं, पन माझा बी गुडघा धरलाय, ड्रमवर पाय हलत न्हाई. गिटार बिघडली म्हनलास तवा, सुटलो बाबा, म्हनून मी पेढा खाल्ला व्हता!"

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आमच्या तारा बदला, एवढं तर मी मागणारच. पण घरातलं एखादं म्हातारं माणूस आपली आवडती वस्तू 'बिघडली' म्हणून बाजूला ठेवू लागलं, तर ती वस्तू एकदा चालू करून बघा. चालली, तर काही विचारू नका. त्यांचा हात हातात घ्या.