नाही म्हणेस्तोवर

मंगरूने हात गमछ्याला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि तेव्हा कुठे पिशवीतलं पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदार चंद्रकुमारने त्याच्या शेजारी नवी प्रत मांडली. पुस्तक एकच, लेखकांची पुस्तकं प्रकाशकांपर्यंत नेणाऱ्या देशभरातल्या साहित्यिक एजंटांची नावं-पत्ते देणारं इंग्रजी मार्गदर्शक. जुनी प्रत चार वर्षांपूर्वीची, मंगरूच्या पोरीची, दुर्गाची. नवी यंदाची, कोरी करकरीत.

"यातलं कोणतं कामाचं, तेवढं पाहून सांग भाऊ," मंगरू म्हणाला. "मले तर दोन्ही सारखेच."

चंद्रकुमार दुर्गाला चांगला ओळखत होता. भंडाऱ्याच्या या दुकानात ती कॉलेजात असल्यापासून यायची आणि निम्मी पुस्तकं उभ्या उभ्याच वाचून काढायची. आंधळगावच्या मासे धरणाऱ्या ढिवराची पोर कादंबरी लिहिते म्हटल्यावर लोक हसले होते. हसू देत बापडे. तिने लिहिली, तलावाची, जाळ्यांची, आपल्याच माणसांची. ती दुसऱ्या भाषांतही जावी म्हणून या पुस्तकातून एक नाव निवडलं आणि दिल्लीच्या त्या एजंटाकडे पाठवली. त्याला तीन वर्षं झाली. यंदा पोळ्याच्या आधी सिकलसेलच्या आजाराने तिला नेलं, पण दिल्लीहून काही उत्तर आलं नाही.

आता मंगरूला त्या माणसाचा फोन हवा होता. भांडायला नाही हो, त्याच्या तोंडून फक्त एक 'नाही' ऐकायला. चंद्रकुमारला हे काही उमगेना, तेव्हा मंगरूने समजावलं. तलावावरची रीतच तशी. एका व्यापाऱ्याने मासोळ्यांच्या टोपलीला हात लावला की तो नाही म्हणेस्तोवर ती दुसऱ्याला दाखवायची नाही. दाखवली, तर पुढच्या खेपेला पाळीवर, तलावाच्या बांधावर, कोणी उभं करत नाही. दुर्गाने एकदाच विचारलं होतं, बाबा, अजून दोघातिघांकडे पाठवू का? मंगरू जाळं विणत होता. मान वर न करता त्याने हीच रीत सांगितली. पोरीने पुन्हा विषय काढला नाही. पोस्टमन दारावरून गेला की मंगरूच रोज विचारायचा, उत्तर आलं का, आणि ती हसून म्हणायची, येईल बाबा.

चंद्रकुमारने आधी नवं पुस्तक चाळलं. दिल्लीवाल्याचं नाव सापडलं, फोन नव्हता. नावाखालच्या दोन ओळी वाचून त्याने दुर्गाच्या प्रतीत तेच पान काढलं. मग पुस्तक हळूच मिटलं.

"नवंच घ्या, काका."

"काहून? जुन्यात काय लिवलं हाये?"

चंद्रकुमार गल्ल्याकडे पाहू लागला. मंगरूने पुस्तक ओढून घेतलं आणि खुणेची चिठ्ठी होती ते पान उघडलं. अक्षरं त्याला कळेनात, पण त्यांच्याखाली पेन्सिलची रेघ होती. सरळ, पट्टी लावून मारलेली. दुर्गाच ती, पट्टीशिवाय रेघ मारायची नाही.

"वाच," तो म्हणाला.

चंद्रकुमारने खालच्या आवाजात मराठीत सांगितलं. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा. दरम्यान इतर कोणाकडे पाठवायलाही आमची हरकत नाही.

रेघेशेजारी समासात तारीख घातली होती. आकडे मंगरूला वाचता येत. कादंबरी पोस्टात टाकली त्या दिवसापासून बरोबर तीन महिन्यांनंतरची.

"म्हणजे तिले मालूम होतं," तो म्हणाला.

काउंटरचा काठ धरून तो तसाच उभा राहिला. पोरीकडे दिवस थोडे होते, हे तिलाही ठाऊक होतं. तरी त्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून ती गप्प बसली, आणि वर रोज त्यालाच धीर देत राहिली.

"नव्यात किती नावं हायेत?" त्याने विचारलं.

"चाळीसेक असतील."

"साऱ्यायले पाठवू. एकाच दिवशी."

चंद्रकुमारने कबूल केलं. पत्रं तोच लिहून देणार होता. त्याने नवं पुस्तक कागदात बांधलं. जुनं मंगरूने बांधू दिलं नाही, छातीशी धरलं. दाराशी पोचल्यावर तो सवयीने वळला.

"उत्तर येईल ना, भाऊ?"

"येईल, काका," चंद्रकुमार म्हणाला.

दुर्गाचेच शब्द ऐकून मंगरू दुकानाच्या पायरीवर मटकन खाली बसला.