आधी वर जाऊन या

“वाइंडिंग? अहो ताई, हल्ली वाइंडिंग करून घेतंय कोण?” दुकानदार हातातला पंखा बाजूला ठेवत म्हणाला.

वहिनीने प्रमाणपत्र पुढे केलं. त्याने ते नीट वाचलं आणि तसंच परत दिलं. माणूस वाईट नव्हता. एका नव्या पंख्याचं झाकण उघडून त्याने आतलं हिरवं इलेक्ट्रॉनिक कार्ड दाखवलं. “आता हे बिघडतं. हे दुरुस्त करणारं कुणी असेल तर उद्यापासून ठेवतो. तार गुंडाळणाऱ्याला काय काम देऊ?”

त्या दिवशी मी वहिनीबरोबर हिंडत होते. नणंद असले तरी एवढं कळतं, की माणसाने एकट्याने नकार ऐकत फिरू नये. प्रत्येक दुकानात हेच उत्तर मिळालं.

कपड्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा वहिनीला पॅकिंगखेरीज काही येत नव्हतं. दादाची नजर अधू झालेली, घर सगळं तिच्यावर. सरकारने कारखान्यातल्या बायकांना मोफत प्रशिक्षण देऊ केलं, पण माणशी एकच, पुन्हा नाही. प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर ‘सर्वाधिक मागणी’ असं ठळक लिहिलेलं आणि खाली पहिलंच नाव मोटार वाइंडिंगचं. वहिनीने तेच घेतलं. सहा महिने तांब्याच्या तारेने बोटं चिरून घेतली. “झोपेतसुद्धा वेढे मोजतेस का गं?” मी चिडवायची. “मोजते. वेढा चुकला तर मोटार जळते, वन्सं,” असं ती गंभीरपणे सांगायची.

दुकानांमधून आम्ही थेट केंद्रात गेलो. तिथल्या साहेबांना मीच विचारलं, “वाइंडिंगला मागणी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सर्व्हे झालाय ना तसा.”

“कधी?”

“मागच्या योजनेत. नव्या सर्व्हेचा प्रस्ताव मंजुरीला गेलाय.”

“म्हणजे तुमची मंजुरी येईपर्यंत लोकांनी जुनेच पंखे वापरायचे?”

साहेब हसले. मला त्या हसण्याचाच राग आला. वरातीमागून घोडं निघालं होतं आणि ह्यांना त्याची मौज वाटत होती.

वहिनी तेव्हा बोलली. “साहेब, मग मला ते कार्डाचं शिकवा. मी उद्यापासून येते.”

“तो कोर्स आपल्याकडे नाही. आणि असता तरी तुमची संधी घेऊन झालीय. माणशी एकच.”

बाहेर आल्यावर वहिनीने जिन्याकडे बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर नोकऱ्या लावून देणारं कार्यालय होतं. सहा महिने खाली तार गुंडाळली, पण वर जायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही वर गेलो. तिथे एक मोठा फळा होता, आणि त्यावर त्या आठवड्यात कुठल्या दुकानाला, कुठल्या कारखान्याला कसली माणसं हवीत ते लिहिलेलं. कार्ड दुरुस्तीवाले हवेत असं तीन ठिकाणी होतं. वाइंडिंग कुठेच नव्हतं.

“दर सोमवारी नवं लिहितो आम्ही,” तिथल्या बाई अभिमानाने म्हणाल्या. “दुकानदार स्वतः येऊन सांगतात.”

“मग हे खाली कळवत नाही?”

“खालचं खातं वेगळं. मागितलं तर देऊ की. ते मागतच नाहीत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक जिना! दोघांच्या मध्ये फक्त एक जिना होता, आणि तो उतरायची ह्यांची तयारी नव्हती, चढायची त्यांची नव्हती. त्यापायी माझ्या वहिनीची एकुलती एक संधी वाया गेली. मी तशीच खाली जाऊन साहेबांना हे सुनावलं. ते म्हणाले, “लेखी द्या.”

वर येऊन पाहते तर वहिनी फळ्याची शेवटची ओळ वाचत होती. याच इमारतीला सफाईसाठी बाई हवी होती.

घरी मी तिच्याशी भांडले. “प्रमाणपत्र घेतलंस ते झाडू मारायला?”

“घर रागावर चालत नाही, वन्सं,” ती म्हणाली आणि दिवा मालवून झोपली. मला झोप आली नाही.

पुढे एकदा ती डबा विसरली म्हणून मी द्यायला गेले. नव्या तुकडीचे प्रवेश चालले होते. भिंतीवर तीच यादी आणि तिच्याखाली बायकांची रांग. वहिनी जिना पुसत होती.

“कशाला उभ्या आहात?” तिने रांगेतल्या पहिल्या बाईला विचारलं.

“वाइंडिंगला. लई मागणी आहे म्हणे.”

“आधी वर जाऊन फळा वाचून या. मग काय ते ठरवा. संधी एकदाच मिळते.”

साहेब दारात आले. “मावशी, तुम्ही तुमचं काम करा.”

“करतेय ना, साहेब.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पहिली रांगेतून निघाली, तिच्यामागे दुसरी, मग बाकीच्या. वहिनीने बादली उचलून भिंतीशी घेतली आणि अंग चोरून त्यांना वाट दिली.

“जिना ओला आहे,” ती म्हणाली. “जपून चढा.”