पुतळ्याच्या अंगावरचंच हवं

मी पुतळा बोलतोय. कपड्यांच्या दुकानाच्या काचेत उभा असतो ना, तो. साच्यातून निघताना नाक जरा वाकडं आलं, म्हणून स्वस्तात पडलो. डोक्यात काही भरलेलं नाही, त्यामुळे या धंद्यात माझं बरं निभावलं.

गिऱ्हाईक बघून बघून एक गोष्ट शिकलो. आत त्याच रंगाचा, त्याच मापाचा ढीग पडलेला असू दे, माणसाला पुतळ्याच्या अंगावरचंच हवं असतं. मग मला भर दुकानात उघडं करतात. लाज वगैरे नाही वाटत, पण विचारावं की कुणीतरी.

ताई विचारायची. ताई म्हणजे आमची सेल्सगर्ल. माझा हात खांद्यातून उपटताना "सॉरी हं" म्हणायची. घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि दोघींचं घर हिच्या एकटीच्या पगारावर.

आमच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक फारच तापलं की मॅनेजर त्याच्यासमोर कुणाला तरी नोकरीवरून काढायचा. खोटं खोटं. बहुतेक ताईलाच. ती मान खाली घालून मागे जायची, चहा प्यायची, गिऱ्हाईक गेलं की परत यायची. सगळे खूश.

मग ते काका आले. शर्ट काउंटरवर टाकून म्हणाले, "एकदाही घातलेला नाही. पैसे परत द्या."

"मग हे बटण हिरव्या दोऱ्याने कुणी शिवलं, काका?" ताईने विचारलं.

"म्हणजे मी खोटारडा? बोलवा मॅनेजरला."

मॅनेजरने पैसे दिले आणि ताईला काढलं. नेहमीसारखं. पण काका हलेनात. स्टूल ओढून बसले. "मी गेल्यावर परत घ्याल तिला. मी बघणार. रिटायर माणूस, मला कुठे जायचंय?"

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले. मग उशी पण आणली.

मला कपडे बदलायला गोदामात नेलं होतं, तिथे ताई आणि मॅनेजर बोलत होते.

"काम नाही तर पगार नाही. मी तरी काय करू?"

"सर, आईची औषधं थांबतील."

मॅनेजर विचार करताना माझ्याकडे बघतो. तेव्हाही बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून ताई काचेत, माझ्या शेजारी. अंगात लोकरी कोट, डोक्यावर टोप, पगार निम्मा. बोलायचं काम नाही म्हणून निम्मा. उभी मात्र छान राहायची. मला जन्मापासून सवय आहे, तिने ती एका सकाळीत लावून घेतली.

काका समोरच बसलेले. एकदा मान वर करून म्हणाले, "हा कोट आमच्या हिला होईल."

"आत नवा आहे, काका," दुसरा सेल्समन घाईने म्हणाला.

"अंगावरचाच हवा."

आणि स्वतःच उठून बटणं काढायला लागले. मॅनेजर बिलाचं मशीन पुसत बसला. ताई हलली नाही. दुसरं बटण सुटल्यावर फक्त हळूच म्हणाली, "काका, हात काढा."

काका दचकलेसुद्धा नाहीत. मॅनेजरकडे वळले. "तुमचा पुतळा उलट बोलतो."

इतके दिवस तिच्यासाठीच पाळत ठेवून होते. चेहरा काही ओळखला नाही. तो आधी कधी बघितलाच नव्हता.

"काढून टाका हा."

"लगेच काढतो, साहेब," मॅनेजर म्हणाला. सवयीने.

कोट उतरवून काकांना दिला. दोघा सेल्समननी ताईला आडवी उचलली आणि फुटपाथवर नेऊन ठेवली. ती ताठच होती. काका बघत होते ना.

संध्याकाळी काका कोट घेऊन परत. "याच्या खिशात फोन आहे. कुणीतरी म्हातारी सारखी 'जेवलीस का' विचारते. मला नको असला माल."

पैसे मिळाले. कोट माझ्या अंगावर चढवला, फोन खिशातच राहिला. ताई तो मागायला आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा वाजला. म्हणजे नोकरी गेल्याचं, फोन राहिल्याचं, काहीच ताईने घरी सांगितलेलं नाही. सकाळी डबा घेऊन निघत असणार, आणि कुठेतरी जाऊन उभी राहत असणार. मला फोन उचलता आला नाही. नंतर बॅटरी संपली.

तुमच्या भागात अशी उभी असलेली कुणी दिसली, तर तिच्या कपड्यांना हात लावू नका. जेवलीस का, एवढं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ती लगेच बोलणार नाही.