इंजिन बंद ठेवायचा उतार

थेंब अकरा सेकंद टिकला. मी मनातल्या मनात मोजत होते. सी बूराउईने चाकाच्या भोकातून ओले बोट आत धरले आणि पाण्याचा एक थेंब ब्रेकच्या ड्रमवर सोडला. थेंब पसरला नाही, चुरचुरला नाही. ड्रमच्या कडेच्या खाचेत मण्यासारखा गोल होऊन मागेपुढे धावत राहिला, लहान लहान होत गेला आणि नाहीसा झाला.

“बघा, बघा!” सी बूराउई ओरडला. “लोखंड भट्टीसारखं तापलंय, हात लावाल तर कातडं चिकटेल. पण सीदीच्या विहिरीचं पाणी जळतंय का? नाचतंय! म्हणजे सीदी अजून रागावलेत. थेंब नाचतोय तोवर कुणी हलायचं नाही!”

पटांगणात पन्नासएक माणसे होती. शुक्रवार होता, त्यात जैतुनाच्या तोडणीचे दिवस. बायकांनी हात वर करून “या सीदी!” म्हटले. दोघीतिघींनी सी बूराउईच्या बाहीचे चुंबन घेतले. तो सीदी बू-रीह या अवलियाच्या कबरीचा मुकद्दम, म्हणजे रखवालदार. दिवाबत्ती, नवस आणि आलेले बोकड हे सगळे त्याच्याच हातात.

गाडी शाज़लीची होती. चाळीस वर्षांची, ताडपत्रीच्या हौद्याची. हौद्यात तोडणीला निघालेल्या तेरा बायका, पुढे शाज़ली, मी आणि माझी आई, आणि मागे बायकांच्या पायाशी बांधलेला आमचा मेंढा.

“पेडल तळाला गेलं हो!” शाज़ली भेटेल त्याला सांगत होता. “पायाखाली काही नाहीच, नुसती हवा. सीदींनी उचलून खडीवर ठेवलं आम्हाला.”

मी त्याच्या शेजारीच बसले होते. स्टिअरिंग कबरीसमोरच्या खडीच्या चढाकडे वळवले ते त्याच्या दोन हातांनी. पण हे त्याला तेव्हा सांगून उपयोग नव्हता.

मग चहाचे तीन फेरे झाले. आधी कडू, मग पुदिन्याचा, मग गोड. प्रत्येक फेऱ्यानंतर सी बूराउई एक थेंब सोडायचा. दुसऱ्या फेऱ्यानंतर थेंब चर्र करून उडाला. “राग उतरतोय,” तो म्हणाला. तिसऱ्यानंतर, गाडी थांबल्यापासून चाळीस मिनिटांनी, थेंब नुसता ओघळला. शाज़लीने पेडल दाबले. ते घट्ट लागत होते. बायकांनी जिभा हलवून एकच आनंदाचा गलका केला.

“ब्रेक आला! कुणी हात लावला का? पाना फिरवला का?” सी बूराउई गोल फिरत विचारत होता. “शहरातला मेकॅनिक चाकं सोडतो, आठवडा घेतो. आमचे सीदी चहा पिता पिता दुरुस्त करतात!”

हसू आले ते सगळ्यांना. आईला आले नाही. तिने मेंढ्याचा दोर पुढे केला आणि मान खाली घातली.

हा तिचा दुसरा मेंढा. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ लस्साद याच उतारावर गेला. कबरीच्या खाली तीन किलोमीटरवर, जुन्या तेलघाण्याच्या वळणावर त्याच्या गाडीचा ब्रेक लागला नाही, ती दरीत गेली. तो आणि दोन मजूर बायका तिथेच संपल्या. मयतीला सी बूराउई आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “थांबला नाही तो. खिडकीतून हसत निघून गेला. सीदींना हसतो तो खाली पोचत नाही.” त्या दिवसापासून आईने लस्सादचे नाव घेणे सोडले. मुलगा मेला याचे दुःख करायचीही तिला चोरी झाली होती. आधी त्याच्या अपराधाची माफी मागायची होती.

चौकीवर चौकशी गुंडाळली गेली होती, चालकाचा निष्काळजीपणा म्हणून. पुन्हा उघडायची तर आईने जाऊन सांगायला हवे होते. मी दर महिन्याला विचारायचे. “पुढे बघू,” ती म्हणायची. “सीदींशी भांडण नको.”

मी खालच्या गावात शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. त्या शुक्रवारी मी नुसते सत्य सांगायला आले होते असे म्हटले तर ते खोटे होईल. ज्यांनी सी बूराउईच्या बाहीचे चुंबन घेतले त्यांच्यासमोर तो माणूस मला लहान झालेला बघायचा होता. दोन वर्षे मी त्याची तयारी केली होती.

“शाज़लीभाई,” मी म्हटले, “वरच्या पांढऱ्या दगडापाशी गाडी बंद का केलीस?”

“हे काय विचारणं झालं? सीदी झोपलेत. घरघर करत जायचं का त्यांच्या डोक्यावरून? पाच किलोमीटर सगळेच बंद करून येतात.”

“तुझ्या आजोबांच्या वेळी?”

“तेव्हा खेचरं होती.”

“मग ही रीत कुणी घातली?”

शाज़लीने सी बूराउईकडे पाहिले. सी बूराउईने दाढीवरून हात फिरवला. “स्वप्नात आज्ञा झाली होती. मास्तरीणबाई, तुमच्या वहीत स्वप्नं बसायची नाहीत.”

“खरंय. म्हणून वही घरी ठेवली. शाज़लीभाई, रिकामी गाडी घे. आपण दोघं परत वर जाऊ आणि इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये खाली येऊ.”

“वेड लागलंय का?” आईने माझा दंड धरला. “एक पुरेसा नाही झाला?”

तो धरलेला दंड मला आजही आठवतो. मी तिची बोटे एकेक करून सोडवली.

शाज़लीने गाडी वर नेली. पांढऱ्या दगडापाशी वळलो तेव्हा त्याचा हात सवयीने किल्लीकडे गेला. मी किल्लीवर हात ठेवला. “दुसरा टाक. ब्रेकवर पाय नको, फक्त वळणांवर.”

इंजिन ओरडत होते, पण गाडी जणू कुणी मागून दोराने धरली होती. पाच किलोमीटरमध्ये ब्रेक सहा वेळा लागला, प्रत्येक वेळी क्षणभर. पटांगणात आलो तेव्हा सगळे उभे राहिले. इंजिनचा आवाज ऐकून एक म्हातारा कानावर हात ठेवून पुटपुटत होता.

“सी बूराउई,” मी म्हटले, “थेंब सोडा.”

“गरज नाही. सीदींनी एकदा माफ केलं की...”

“मग मी सोडते.”

विहिरीचेच पाणी घेतले. थेंब ड्रमवर पसरला, ओघळला आणि खाली टपकला.

मी बायकांकडे वळले. त्यांच्यात दलेंदा होती, पन्नाशीची, एका पायाने लंगडणारी. लस्सादच्या गाडीतून जिवंत निघाली ती एकटी.

“खाला, भाकरी टाकण्याआधी तवा तापला का ते कसं बघता?”

“पाणी शिंपडून.”

“कमी तापला असेल तर?”

“चर्र होतं.”

“आणि फार तापला असेल तर?”

दलेंदाच्या शेजारची एक तरणी पोरगी फस्सकन हसली. “तर थेंब नाचतो! म्हणजे आमच्या तव्यावर रोज सकाळी सीदी येतात की काय?”

“येतात आणि करपलेल्या भाकरी खाऊन जातात,” दुसरी म्हणाली. मग हसू आवरेना. सी बूराउईच्या बाहीचे चुंबन घेणारीसुद्धा पदराआड हसत होती.

मी हसले नाही. मी सांगत गेले, वर्गात सांगते तसे. लोखंड दोनशे अंशांच्या वर गेले की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, तिच्यावर तो तरंगतो. ड्रम म्हणजे आडवे धरलेले लोखंडी पातेले. त्याच्या आतल्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला दाबल्या की चाक थांबते. इंजिन बंद करून पाच किलोमीटर नुसत्या ब्रेकवर उतरले की पातेले तापून फुगते आणि पट्ट्यांपासून लांब जाते. पट्ट्या जळून गुळगुळीत होतात. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेले असते, ते उकळते, नळीत वाफ होते आणि वाफ दाबली तर नुसती दबते. म्हणून पायाखाली हवा. चाळीस मिनिटांत सगळे निवते, पेडल परत येते. चहा घ्या किंवा घेऊ नका.

“तुम्हीच बंद करायला लावता, तुम्हीच माफी देता,” शाज़ली हळू म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “मुकद्दम, तेरा बायका होत्या माझ्या गाडीत.”

“अरे, तुला काही झालं का? झालं का काही?” सी बूराउईचा आवाज चढला. “मी कुणाला तसं सोडतो का? बारा वर्षं खाणीवर ट्रक चालवलाय मी! ड्रम काय असतो ते ही पोरगी मला शिकवणार? थेंब ओघळल्याशिवाय एक गाडी हलू देत नाही मी इथून. एकसुद्धा!”

दोन वर्षे मी याच वाक्याची वाट पाहत होते. सीदींवर भरवसा असता तर थेंब कशाला तपासला असता?

“म्हणजे थेंब सीदींचा राग सांगत नाही, ड्रमची उष्णता सांगतो. तुम्हाला ते पहिल्यापासून माहीत होतं.”

तो बाही सारखी करू लागला.

“आता एवढंच सांगा. लस्सादच्या चाकावरचा थेंब कसा होता?”

“तो थांबलाच नव्हता! किती वेळा सांगू?”

“थांबला होता.”

दलेंदा बोलली होती. ती उठली नाही, बसल्या जागीच म्हणाली. “मी मागे होते. सीदींच्या भीतीनं आजवर बोलले नाही. अर्धा तास थांबायचं ठरलं होतं. पण राजधानीहून पाहुणे आले, त्यांच्या मोटारींना जागा हवी होती. तुम्ही चाकाकडे बघितलंसुद्धा नाहीत. गाडीवर थाप मारलीत अन् म्हणालात, जा, सीदी खूश आहेत. पोरगा म्हणाला, पेडल अजून मऊ लागतंय. तुम्ही म्हणालात, श्रद्धा मऊ आहे तुझी.”

“त्यालाच घाई होती!” सी बूराउई किंचाळला. “त्याला सांगितलं होतं मी, हळू जा...”

तो मध्येच थांबला, पण उशीर झाला होता. आई पुढे आली. ती त्याच्याकडे अशी बघत होती की जणू तो दूर, दरीच्या पलीकडे उभा आहे.

“म्हणजे तो थांबला होता,” ती म्हणाली. “माझा लस्साद थांबला होता.”

दोन वर्षांत पहिल्यांदा तिने ते नाव उच्चारले. सी बूराउईने आईपुढे हात जोडल्यासारखे केले, “लाल्ला खदूज, अल्लाची मर्जी...” असे काहीतरी म्हणाला, आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, “पोरी, पुरे कर आता. मी म्हातारा माणूस आहे.” त्याचा खालचा ओठ लटपटत होता. मला दया यायला हवी होती. आली नाही. मी त्याचा तो ओठ नीट पाहून घेतला.

मग मी लोकांना म्हटले, “सीदी बू-रीह मेले तेव्हा मोटार नव्हती. तुमच्या इंजिनने त्यांची झोप मोडत नाही आणि तुमचा ब्रेकही ते धरत नाहीत. त्यांना दोष देऊ नका, भारही टाकू नका. उतारावर गिअर सोडू नका, इंजिन बंद करू नका. ब्रेक ऑइल वेळेवर बदला. पेडल मऊ लागलं तर तिथेच थांबा आणि परत घट्ट लागलं तरी आधी चाकं उघडून बघा. निवलेला ब्रेक म्हणजे बरा झालेला ब्रेक नव्हे. आणि कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: हे आणखी कशाने होतं? विचारल्याने पाप लागत नाही. न विचारल्याने इथे तीन माणसं मेलीत.”

कुणीही मान डोलावली नाही. काही जण खाली बघत होते. तो म्हातारा कबरीच्या दाराशी जाऊन बसला. शाज़लीने मात्र हौद्याची फळी खाली पाडली आणि बायकांना म्हणाला, “बसा. इंजिन चालू राहील. भीती वाटत असेल तिने चालत यावं.” त्या चढू लागल्या. दलेंदाला दोघींनी वर ओढून घेतले.

आई गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबली. तिने मुकद्दमाकडे वळून पाहिले, मग शाज़लीला हाक मारली, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात.

“शाज़ली, तोडणीला नंतर ने यांना. आधी चौकीवर गाडी घे. माझ्या मुलाच्या मृत्यूची तक्रार मला द्यायचीय, या माणसाच्या नावानं.”