चिठ्ठ्या सांभाळणारी पेटी

मी एक जुनी, सहा खणांची लाकडी पेटी आहे आणि जन्मभर पैशांच्या कचेरीत राहूनही मी पोटात एक नाणंसुद्धा ठेवलेलं नाही. हसू नका, मित्रांनो. माझ्यात फक्त चिठ्ठ्या असतात.

एका सुताराने मला चर्चच्या मोडक्या बाकांपासून बनवलं. उरलेल्या फळ्या त्याने मोजून परत केल्या. बिशपांच्या हिशेबाच्या कचेरीत आल्यावर मला काम मिळालं ते असं. धर्मप्रांताला, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या चर्चना मिळून, कुणी देणगी दिली, की ती कशासाठी दिली हे देणाऱ्याने स्वतः चिठ्ठीवर लिहायचं, असा इथला रिवाज. पैसे बँकेत जात आणि चिठ्ठी माझ्या त्या-त्या कारणाच्या खणात. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी हिशेबनीस सिस्टर एकेक चिठ्ठी वाचत आणि मगच खर्चाचे आकडे मांडत. तोवर अर्थसमितीतली मोठमोठी माणसं वाट पाहत. त्या दिवसांतला माझा तोरा काय सांगू!

मग नवे खजिनदार फादर आले. माणूस सरळ, पण भारी घाईचा. त्यांनी सगळ्या देणग्या संगणकात एकाच रकान्यात टाकल्या आणि मला कपाटावर चढवलं. तिथे मी दोन वर्षं धूळ खात काढली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

यंदा सभागृहाचं छप्पर गळू लागलं. बैठकीत फादरांनी भली मोठी शिल्लक दाखवली आणि ती छपरावर खर्चावी असं सुचवलं. वृद्ध धर्मगुरूंच्या निवासातल्या परिचारिकेच्या पगाराला मात्र तरतूद दिसेना. पुढच्या महिन्यापासून तिला कमी करायचं जवळजवळ ठरलंच. अंथरुणाला खिळलेले चार म्हातारे फादर तिच्याच भरवशावर होते.

हिशेबनीस सिस्टरांनी मला खाली उतरवलं, रुमालाने पुसलं आणि तिसऱ्या खणातली एक चिठ्ठी बिशपांपुढे ठेवली. ती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची होती. आईकडून आलेलं घर विकून त्यांनी सगळे पैसे त्या परिचारिकेच्या पगारासाठी दिले होते. तीच ही शिल्लक.

"पण सिस्टर, माझी बेरीज बरोबर आहे," खजिनदार म्हणाले.

"बेरीज बरोबरच आहे, फादर. पैसे आपले नाहीत, एवढंच."

हे पैसे छपराला वापरले तर चालेल का, ते बाईंना विचारून यायला बिशपांनी खजिनदारांना सांगितलं. खजिनदार गेले आणि उतरल्या चेहऱ्याने परत आले. बाई रागावल्या नव्हत्या. मशीन थांबवून त्या इतकंच म्हणाल्या होत्या, "माझा भाऊही फादर होता. शेवटच्या दुखण्यात त्याच्याजवळ कुणी नव्हतं. आता तुम्हीच ठरवा."

परिचारिका राहिली. सभागृहात यंदा बादल्या ठेवायच्या आणि छपरासाठी लोकांकडे वेगळी मदत मागायची, असं ठरलं. खजिनदारांनी दोन दिवस बसून माझी एकेक चिठ्ठी वाचली आणि संगणकात सहा रकाने केले. आपण नकळत याची टोपी त्याच्या डोक्यावर घालत होतो, हे त्यांनी समितीपुढे आपणहून कबूल केलं. त्या दिवसापासून ते मला आवडू लागले.

मित्रांनो, मला झाडा-पुसा असं मी म्हणणार नाही. लाकडाला धूळ सोसते. पण कुणी विश्वासाने तुमच्या हाती काही दिलं, तर ते कशासाठी दिलं, तेही जपा. परवा निवासातले सर्वांत थकलेले फादर गेले. परिचारिका त्यांचा हात धरून उशाशी बसली होती. ते सांगायला खजिनदार आधी शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंकडे गेले, मग कचेरीत आले.