विमान आपलंच आहे

बेटावर स्वतःचं पहिलं विमान उतरलं तेव्हा नऊ हजार माणसांच्या त्या देशानं दोन दिवस घरच्या चुली थंड ठेवल्या आणि जल्लोषात किनाऱ्यावर डुकरं भाजली. होड्यांची शर्यत तेबानोनं जिंकली. राष्ट्राध्यक्षांनी त्याला बक्षीस म्हणून जन्मभराचं फुकट तिकीट दिलं. पठ्ठ्यानं ते एकदाही वापरलं नाही. "विमान आपलंच आहे, पळून कुठं जातंय?" असं म्हणायचा, आणि पलीकडच्या देशात दिलेल्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगायचा, "पुढच्या महिन्यात नक्की येतो, अक्का."

त्याची मुलगी काओतिरे तिकीट खिडकीवर बसायची. बेटाचा खडक खताच्या कामाचा होता; तो खणून परदेशी विकला, त्या पैशात एकाची पाच विमानं झाली. मंत्र्यांच्या बायका त्यातून खरेदीला जायच्या. कुणाला उशीर झाला तर काओतिरे घरी फोन करायची, "मासे नंतर साफ करा की, विमान थांबलंय!" आणि विमान खरंच थांबायचं. उधळपट्टी होतीच. पण बाहेरचे हसले की तिला राग यायचा. एवढ्याशा देशाचं स्वतःचं विमान होतं, याचा तिला अभिमान होता.

मग खडक संपला. विमानांच्या कर्जाचे हप्ते थकले, आणि एकेक विमान परदेशात अडकून पडलं. उरलं ते एक भाड्याचं. तेही आज, गुरुवारी, शेवटचे प्रवासी पलीकडच्या देशात उतरवून मालकाकडे परत जाणार होतं.

खिडकीपुढे तेबानो उभा राहिला. अंगात चर्चला जायचा पांढरा सदरा, काखेत सुक्या माशांची पुडी.

"बाबा, घरी जा," काओतिरे म्हणाली.

"अक्का अंथरुणाला खिळलीय. माणसं ओळखेना झालीय म्हणे."

"जाल, पण याल कसे? बोट येते वर्षातून दोनदा, तीही दहा दिवस हेलकावत. तुमच्या वयाला झेपणार आहे का?"

"नाही झेपणार."

"आणि आईची कबर? रोज कोण झाडणार?"

"तू झाडशील." तेबानोनं खिडकीच्या कडेला हात टेकला. "बावीस वर्षं तिला उद्याचं सांगत आलो, पोरी. आजवर ते खोटं नव्हतं. आज घरी बसलो तर होईल."

काओतिरेला खूप भांडायचं होतं. पाय धरून त्याला बसवावं असंही वाटलं. बाहेर वैमानिक घड्याळ बघत होता. तो परका होता, थांबणारा नव्हता.

तिनं कागद ओढून बापाचं नाव लिहिलं. परतीचा रकाना आला तसा तिचा हात अडला. नियमाप्रमाणे तिथं रेघ मारायची होती. तिनं पुढच्या गुरुवारची तारीख घातली, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला.

तेबानोनं तो लांब धरून वाचला, नीट घडी करून खिशात ठेवला.

"गुरुवारी ब्रेडफ्रूट भाजून ठेव," तो म्हणाला. "जास्त करपवू नकोस."

"ठेवते, बाबा," काओतिरे म्हणाली.